नववा उपयोग : कुलूप

मंगळवार, ४ मार्च

दुपारचे अडीच. दोन ते चार आमच्या हार्डवेअरच्या दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. मालक माळ्यावर डुलकी काढतात आणि मी काउंटरवर जांभया देते. आजपासून त्या वेळात ही वही लिहायची.

कारण असं की मालकांनी गंज सोडवायच्या स्प्रेचे सहा खोके घेऊन ठेवलेत आणि ते खपत नाहीत. लोकांना वाटतं, हे मिस्त्री लोकांचं काम, घरात कशाला? काल मालक म्हणाले, बाई, तुमचं अक्षर चांगलं, घर तुम्ही चालवता, तर या डब्याचे घरगुती उपयोग शोधा, आपण पत्रक छापू. एकवीस तरी पाहिजेत. एक डबा फुकट दिला. अठरा वर्षांत खिळे मोजण्यापलीकडे पहिल्यांदाच काही सांगितलं, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

शिवाय घरात काहीतरी नवं हवंच होतं. आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. ज्या इमारतींची देखभाल यांच्याकडे आहे त्यातल्या एकीत, हॉस्पिटलमागच्या पिवळ्या इमारतीत, गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावरची एक शिवणकाम करणारी बाई लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेली. हातात गिऱ्हाइकाच्या इस्त्री केलेल्या कपड्यांचा गठ्ठा होता, समोरचं दिसलं नाही. लिफ्ट खाली होती तरी चौथ्या मजल्याचं दार उघडलं. वॉचमनने किल्लीने उघडून तसंच ठेवलं असणार म्हणतात. त्याला पोलिसांनी नेलंय. चौकशी संपेपर्यंत यांना घरी बसवलंय.

यांचा त्यात काय दोष? पण तिला खड्ड्यातून वर काढायला हेच उतरले होते. तेव्हापासून धड बोलत नाहीत. माणूस मुळात हळवा.

गुरुवार, ६ मार्च

चार उपयोग झाले. न्हाणीघराच्या दाराची बिजागरी. माझ्या पर्सची अडकलेली चेन. एकात एक रुतून बसलेले दोन पेले (नंतर साबणाने दोनदा धुवायचे, हे लिहायलाच हवं). नव्या बरणीवरच्या लेबलाचा चिकटा. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याच्या तोंडावर मार थोडा, बोलायला लागेल.

त्या ऐंशीच्या आहेत, त्यांना सगळं माफ.

रविवार, ९ मार्च

आज सासूबाईंच्या बोटातली अंगठी निघाली. बोट सुजून तीन वर्षं रुतलेली. मी स्प्रे मारला, हलकेच फिरवली, आली बाहेर. बोटावर पांढरा वळ उरला. त्या बराच वेळ तो चोळत बसल्या.

हे मात्र डब्याचा वास आला की उठून गच्चीत जातात. डोकं दुखतं म्हणाले. आयुष्य ग्रीस-ऑइलमध्ये गेलं त्या माणसाचं आता डोकं दुखतं. जेवणही दोन घास. सासूबाईंजवळ मी तक्रार केली तर म्हणाल्या, "लहानपणीसुद्धा काही फोडलं की जेवायचा नाही. मला कळायचं त्यावरूनच." म्हातारपणी कुठली गोष्ट कुठे जोडतात.

बुधवार, १२ मार्च

नववा उपयोग सापडला आणि तो सगळ्यात भारी आहे. मागच्या दाराचं कुलूप. दार ओढलं की जीभ आपोआप बाहेर येऊन चौकटीत बसते, त्यातलं आहे. कित्येक महिने ती जीभ अडकायची, दार दोनदा आपटावं लागायचं. किल्लीच्या भोकात नळी घालून दोन फवारे मारले. खट् करून लागायला लागलं.

मला इतका आनंद झाला की यांना ओढत आणलं. यांनी दार उघडलं, लावलं. परत उघडलं, लावलं. दहा वेळा केलं असेल. मग म्हणाले, हे तेल नव्हे. आत जुनं ग्रीस असतं ते हे धुऊन काढतं. काही दिवस पाण्यासारखं चालतं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काही नाही," म्हणाले आणि खोलीत जाऊन पडले. दुपारचे बारा वाजले होते.

जाणकार माणूस घरात आहे आणि एक शब्द धड सांगत नाही. मी पत्रकात लिहिलं : "९. अडकणारी कुलपे, दोन फवाऱ्यांत नव्यासारखी."

शनिवार, १५ मार्च

यांचे साहेब घरी आले. स्वतः. मी चांगल्या कपांत चहा दिला. साहेब फार आपुलकीने बोलले. म्हणाले, काळजी करू नका वहिनी, याच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. रजिस्टरमध्ये अपघाताच्या वीस दिवस आधीची नोंद आहे, चौथ्या मजल्याच्या दाराचं कुलूप बदललं म्हणून, खाली याची सही आहे. मग कुलूप नवं आणि दार उघडलं, याचा अर्थ कुणीतरी किल्ली लावली. किल्ली वॉचमनकडे. सरळ आहे.

मला हायसं वाटलं. हे खिडकीबाहेर बघत होते. साहेबांनी तसाच जबाब लिहिलेला एक कागद सहीसाठी पुढे केला, यांनी तो वाचलाही नाही.

मग साहेबांनी विचारलं, काढलेलं जुनं कुलूप ठेवलंय का कुठे. हे म्हणाले नाही. साहेब उठले. दाराशी जाताना मला म्हणाले, वहिनी, तुम्ही हार्डवेअरमध्ये ना, तसल्या जातीचं एखादं जुनं कुलूप मिळालं तर बघा. नमुना म्हणून चौकशीत दाखवायला बरं पडतं, त्या लोकांना यंत्रातलं काही कळत नाही. मोबाइलमध्ये फोटो दाखवला.

मी म्हटलं, त्यात काय, आमच्याकडे पाडकामाचं भंगार येतं, बघते की. घरच्या माणसासाठी एवढंही नाही करायचं?

सोमवार, १७ मार्च

मिळालं. मागच्या गोदामात जुन्या बिजागऱ्यांच्या पिंपात, तळाशी. फोटोतल्यासारखंच, फक्त जास्त गंजलेलं. माझ्याच स्प्रेने थोडं साफ केलं, वरचा शिक्का वाचता येईल इतपत. अकरावा उपयोग म्हणून लिहूनही टाकलं : जुन्या लोखंडावरची अक्षरे उजळतात.

साहेबांचा माणूस दुकानातूनच घेऊन गेला.

बुधवार, १९ मार्च

मला वाटलं होतं हे खूश होतील. काल यांना सांगितलं तर कुठून आणलंस, कुणाला दिलंस, कधी दिलंस, तीनच प्रश्न. आवाज चढवला नाही. मग पलंगाच्या कडेला बसले ते संध्याकाळपर्यंत. माझं काय चुकलं ते सांगा, म्हटलं. "तुझं काही नाही," म्हणाले.

दुसऱ्या खोलीतून सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, त्याला एकट्याला सोड थोडं.

आज साहेबांचा माणूस तो जबाबाचा कागद घेऊन परत आला. यांनी सही केली. पेन परत द्यायचं विसरले, हातात तसंच धरून उभे होते, त्या माणसाने ते बोटांतून काढून घेतलं.

सोमवार, २४ मार्च

एकवीस पुरे झाले. शेवटचा फावड्याला माती चिकटू नये म्हणून. मालकांनी पाचशे पत्रकं छापून घेतली. खाली बारीक अक्षरांत माझं नाव टाकायचं म्हणत होते, मी नको म्हटलं, मग दिवसभर वाटत राहिलं की टाकलं असतं तरी चाललं असतं.

शुक्रवार, २८ मार्च

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलंय.

सकाळी नेहमीप्रमाणे मागच्या दाराला टेकून चपला घालत होत्या. वर्षानुवर्षं घालतात. दार मी स्वतः ओढून लावलं होतं, आवाजही ऐकला होता. त्या टेकल्या आणि दार बाहेर उघडलं. दोन पायऱ्या खाली, सिमेंटवर. मी मोरीत होते. त्या ओरडल्या नाहीत, नुसता धप्प आवाज आला.

यांनी त्यांना उचललं. अँब्युलन्स आली, मी आत चढले. मागे वळून पाहिलं तर हे दाराशी गुडघ्यांवर बसून कुलपाच्या जिभेला बोट लावत होते. आई अँब्युलन्समध्ये आणि हा माणूस कुलूप बघतोय. मला इतका राग आला.

शनिवार, २९ मार्च

हे लिहायचं की नाही, विचार करत होते. लिहिते.

सासूबाईंना झोपेचं औषध दिलं होतं. आम्ही दोघं हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसलो होतो, समोर निवलेला चहा. मी म्हटलं, कालपासून विचार करतेय, दार लागल्याचा आवाज मी ऐकला होता. हे म्हणाले, दार लागलंच होतं. कुलूप लागलं नव्हतं. ग्रीस धुऊन गेलं, वर धूळ बसली, जीभ आतच चिकटून राहिली. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही.

मी म्हटलं, म्हणजे माझ्यामुळे.

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदा नीट पाहिलं असेल.

"मी ते कुलूप बदललं नव्हतं," म्हणाले. "वॉचमनचे दोन फोन आले, चौथ्या मजल्याचं कुलूप अडकतंय म्हणून. मी गेलो. पार्ट नव्हता. साहेब फोनवर म्हणाले, बदललं म्हणून लिही, पुढच्या आठवड्यात पाठवतो. मी स्प्रे मारला. दहा वेळा लावून बघितलं. नव्यासारखं चाललं. आणि मी लिहिलं, बदललं."

मी विचारलं, मग पार्ट?

"आला नाही. मी पण परत विचारलं नाही. चालत होतं ना."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी बशीत चहा ओतून फुंकत होतं. मला तेवढंच ऐकू येत होतं. थोड्या वेळाने मी म्हटलं, आणि मी दिलेलं कुलूप? ते म्हणाले, अपघाताच्या रात्रीच साहेबांनी त्या दाराला नवं कुलूप बसवून घेतलं, आता तुझ्या कुलपाला चिठ्ठी बांधून ठेवलीय. त्या दारातून काढलेलं म्हणून.

माझ्या हाताने साफ केलं होतं मी ते.

रविवार, ३० मार्च

इथे खोटं लिहून काय उपयोग? माझा पहिला विचार त्या गेलेल्या बाईचा नव्हता आणि वॉचमनचाही नव्हता. पहिला विचार हा की कुणाला कळलेलं नाही. साहेब बोलणार नाहीत, हे सही करून बसलेत, मी बोलणार नाही.

हे म्हणतात, सांगून टाकतो. मी म्हटलं, आई अशी पडलेली, तुम्ही आत गेलात तर त्यांना उचलायचं कुणी? मी एकटी? नोकरी जाईल, तुरुंग होईल, लोक दारावर थुंकतील. आणि ती बाई परत येणार आहे का? एवढं सगळं बोलले. हे गप्प राहिले. ते गप्प राहिले म्हणून मी आणखी बोलले. आधी आईंना घरी येऊ द्या, मग बघू, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

बुधवार, २ एप्रिल

मालकांना म्हटलं, पत्रकात एक चूक आहे, नवव्या क्रमांकात. ते म्हणाले, छापून झाली बाई, आता काय. मग मी दुपारी बसून प्रत्येक पत्रकावर पेनाने नववी ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं, "कुलपावर मारल्यास नंतर ग्रीस घालावे. बिघडलेले कुलूप बदलावे." आज एकशे चाळीस झाली. हात दुखतोय. उद्या बाकीची घेईन. निदान एवढं तरी माझ्या हातात आहे.

मालक वरून बघून गेले. 

शुक्रवार, ४ एप्रिल

साडेतीनशेपर्यंत आले होते तेव्हा एक बाई दुकानात आली. चाळिशीची, पायात दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला. तिला कडी-कोयंडा आणि कुलूप पाहिजे होतं. मी दार कसलं विचारलं. म्हणाली, पत्र्याचं. नवी खोली घेतलीय, दाराला काहीच नाही, पोरी आत एकट्या असतात.

मी दोन-तीन कुलपं काढली. बोलायला माणूस हवं होतं तिला. म्हणाली, आम्ही आधी इमारतीतच राहायचो, जिन्याखालच्या खोलीत, नवरा वॉचमन होता. आता त्या लोकांनी खोली रिकामी करून घेतली. कुठली इमारत ते मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. हॉस्पिटलमागची पिवळी.

माझ्या हातातलं कुलूप मी काउंटरवर ठेवलं.

ती सांगत होती, भेटायला गेलं की तो एकच म्हणतो, मी दोनदा फोन केला होता. तारखा सांगतो. मी त्याला म्हटलं, अहो, कोण विचारतंय तुमच्या तारखा. तर म्हणतो, मेकॅनिकला माहीत आहे, तो चांगला माणूस आहे, तो सांगेल.

मग तिने एक जड कुलूप उचललं, उघडलं, लावलं, ओढून बघितलं. मला विचारलं, "हे नीट लागतं ना, ताई?"

मी म्हटलं, लागतं. चार वेळा लावून दाखवलं तिला. स्क्रूही बांधून दिले. जाताना तिने पत्रकही घेतलं, कागद बरा दिसला म्हणून, पोरीला मागच्या बाजूला लिहायला होईल म्हणाली.

ती गेल्यावर मी माळ्यावर जाऊन मालकांना उठवलं आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून, पिंपातल्या कुलपापर्यंत. त्यांनी चष्मा शोधला, घातला, परत काढला. म्हणाले, भंगार तुम्ही कधी नेलंत ते मी सांगेन, माझं गोदाम आहे. तुम्ही आता घरी जा.

घरी हे गच्चीत उभे होते. मी म्हटलं, "सोमवारी जाऊ. दोघं." त्यांनी विचारलं नाही कुठे.

रविवार, ६ एप्रिल

हॉस्पिटलमध्ये सासूबाईंना यांनी स्वतः सांगितलं. मी बाहेर थांबले. काय बोलले माहीत नाही. आत गेले तेव्हा त्यांनी यांचं मनगट धरलं होतं आणि डोळे मिटले होते. मला म्हणाल्या, माझी बहीण येऊन राहील, माझी काळजी नको. मग उशी नीट करून दे म्हणाल्या. डोळे उघडले नाहीत.

मंगळवार, ८ एप्रिल

काल लिहवलं नाही.

चौकशीची कचेरी दुसऱ्या मजल्यावर. हे जिन्याने गेले, मीही. आत एक अधिकारी बाई, दोन लिहिणारे, टेबलावर फायली. यांनी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पार्ट नव्हता. स्प्रे मारला. बदललं असं लिहिलं. अधिकारी बाईंनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून? यांनी साहेबांचं सांगितलं, पण लगेच म्हणाले, लिहिलं मी, सही माझी आहे.

बाईंनी कपाटातून पिशवी काढली. चिठ्ठी बांधलेलं कुलूप. मग हे काय, म्हणाल्या.

"ते मी आणलं," मी म्हटलं. "आमच्या दुकानाच्या भंगारातून. साफही मीच केलं."

दोघंही लिहिणारे थांबून माझ्याकडे बघायला लागले. त्यानंतर दीड तास गेला. माझं नाव, वय, काम काय, केव्हापासून. माझ्यावर काय करायचं ते कळवतो म्हणाल्या. यांना थांबवून घेतलं. पोलिसांकडे सोपवणार. वॉचमनच्या सुटकेला दोन-चार दिवस लागतील, कागदपत्रं असतात.

जबाब टाइप होईपर्यंत आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. तेवढ्यात दोन शिपाई वॉचमनला घेऊन आले, त्याचीही कालच तारीख होती. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. लहानखुरा माणूस, शर्ट धुतलेला पण चुरगळलेला. यांना पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. जवळ येऊन म्हणाला, "तुम्ही आलात. मला ठाऊक होतं, मेकॅनिकसाहेब येणार. तुम्हीच सांगा हो त्यांना, मी दोनदा फोन केला होता."

हे उठून उभे राहिले. "तेच सांगितलं," म्हणाले.

त्याने यांचा हात दोन्ही हातांत धरला. तुमचे उपकार, तुमचे उपकार, एवढंच म्हणत राहिला. हात सोडवून घ्यायची यांची हिंमत होईना आणि बोलायचीही. शेवटी दार उघडलं, आतून यांना हाक मारली, आणि हे त्या माणसाचे आभार हातावर घेऊन तसेच आत गेले.